कन्सल्टिंगच्या दोन ऑफर हातात, आता कोणती घेऊ? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की माझ्या फोनवर ऑफर लेटरांचे फोटो यायला लागतात. कुणी आमच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून बाहेर पडलेलं, कुणी नुकतंच सीए झालेलं, कुणी तीन-चार वर्षं नोकरी करून बदलायला निघालेलं. मी अठरा वर्षं कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या धंद्यात काढली, मुंबईत आणि गुरुग्रामला, आणि आता परत बडोद्याच्या दांडिया बाजारात आलोय. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. पगाराचे आकडे उदाहरणादाखल आहेत. कराचं गणित नव्या कर प्रणालीचं आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं आहे.

१. काका, 'बिग फोर' आणि 'एमबीबी' म्हणजे नक्की कोण? अ‍ॅक्सेंचर यात कुठे बसते?

एमबीबी म्हणजे मॅकिन्झी (१९२६), बीसीजी (१९६३) आणि बेन (१९७३). कंपनीच्या वरच्या लोकांना धोरणाचा सल्ला देणं हा यांचा मूळ व्यवसाय. माणसं कमी घेतात आणि मुलाखतीत 'केस', म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण, सोडवायला लावतात. बिग फोर म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी. यांचं मूळ ऑडिट आणि टॅक्समध्ये, सल्ल्याचं काम नंतर वाढत गेलं. पूर्वी या पाच होत्या. एन्रॉन प्रकरणानंतर २००२ मध्ये आर्थर अँडरसन बंद पडली आणि चार उरल्या. त्याच घरातून भांडून आधीच वेगळी झालेली सल्ल्याची शाखा १ जानेवारी २००१ पासून अ‍ॅक्सेंचर या नावाने ओळखली जाते. तिचं बरंचसं काम तंत्रज्ञानाचं आहे.

इतिहास एवढा पुरे. निवड करताना तो फारसा कामाला येत नाही.

२. बाबा म्हणतात, ज्याचं नाव मोठं ती घे. बरोबर आहे का?

बाबांचं चुकत नाही, त्यांचा काळ वेगळा होता. आपल्याकडे 'पोरगा रिफायनरीत लागला' किंवा 'आयपीसीएलमध्ये (तेव्हाची सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी) आहे' एवढं वाक्य पुरायचं. कंपनीचं नाव कळलं की क्वार्टर, बस, दवाखाना, निवृत्ती, सगळं कळायचं. कन्सल्टिंगमध्ये नावावरून यातलं काहीच कळत नाही. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर दोन मुली बसतात. एक घोटाळ्यांच्या तपासाच्या टीममध्ये, दुसरी एखाद्या सरकारी खात्याची कामं बघणारी. दोघींचे तास वेगळे, प्रवास वेगळा आणि तीन वर्षांनी मिळणारी पुढची नोकरी तर पूर्णपणे वेगळी.

ऑफर कंपनीच्या कागदावर येते, पण ती देते टीम. म्हणून दोन नावांची तुलना करू नका, दोन टीमची करा. ती कशी करायची ते प्रश्न ६ मध्ये आहे. नाव लग्नाच्या बायोडेटात चालतं, ते मी नाकारत नाही.

३. ऑफर लेटरवर कंपनीचं नाव जाहिरातीतल्यापेक्षा लांबलचक आणि वेगळंच आहे. फसवणूक तर नाही ना?

बहुतेक वेळा नाही, पण हा प्रश्न विचारलात हे उत्तम केलंत. बिग फोर ही एकच कंपनी नसते. देशोदेशीच्या स्वतंत्र संस्था एका नावाखाली काम करतात. भारतात ऑडिट करणारी संस्था वेगळी, सल्ला देणारी वेगळी. ईवायच्या जाळ्यातलं ऑडिट एस. आर. बाटलीबॉय या नावाने चालतं, केपीएमजीच्या जाळ्यातलं बी. एस. आर. अँड कंपनी या नावाने.

तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. परदेशातल्या शाखांची कामं भारतात बसून करणारी केंद्रं. ईवाय जीडीएस, डेलॉइट यूएसआय, पीडब्ल्यूसीची अ‍ॅक्सिलरेशन सेंटर्स, केपीएमजी ग्लोबल सर्व्हिसेस ही त्यातली. मॅकिन्झी आणि बेनचीही अशी केंद्रं गुरुग्रामला आहेत. इथे क्लायंट अमेरिकेतला किंवा युरोपातला असतो आणि त्याच्यासमोर बसणारा माणूसही बहुधा तिकडचाच. तुम्ही मागची बाजू सांभाळता. फायदे खरे आहेत: ठरावीक शहर, कमी प्रवास, परदेशी कामाची पद्धत शिकायला मिळते. तोटाही खरा आहे: क्लायंटशी थेट बोलायची सवय उशिरा लागते, आणि संध्याकाळचे कॉल रात्री अकरापर्यंत चालतात. मुलाखतीत 'आम्ही तीच कंपनी' असं सांगतात. तुम्ही लेटरमधलं पूर्ण नाव वाचा आणि मग ठरवा.

४. एका ठिकाणी १४ लाखांचं पॅकेज आहे, दुसरीकडे साडेबारा. यात विचार काय करायचा?

करायचा. मागच्या महिन्यात एका मुलाची दोन्ही लेटरं घेऊन ओट्यावर बसलो. आकडे साधारण असे होते.

पहिली ऑफर, १४ लाख: त्यात जॉइनिंग बोनस १ लाख, व्हेरिएबल (पगाराचा कमी-जास्त मिळणारा भाग) २ लाख, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून ९० हजार. उरले १०,१०,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ८४,१६७.

दुसरी, साडेबारा लाख: व्हेरिएबल ६० हजार, पीएफ वगैरे तेच ९० हजार, बोनस नाही. उरले ११ लाख, म्हणजे महिन्याला सुमारे ९१,६६७.

'लहान' ऑफरमध्ये दरमहा साडेसात हजार जास्त आहेत. पोरगा दोन मिनिटं गप्पच होता.

आता कर. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर काही भरावं लागत नाही. पहिल्या ऑफरमध्ये पूर्ण व्हेरिएबल आणि बोनस एकाच वर्षात धरले तर पगार १३.१० लाख होतो. मर्यादेच्या वर गेले ३५,०००. तेवढे सगळे कराला, वर ४ टक्के सेस, मिळून ३६,४००. म्हणजे काठावरचे ते ३५ हजार कमावून खिशातून वर १,४०० गेले. तरीही पहिल्या वर्षी पहिली ऑफर सुमारे १.१४ लाखांनी पुढे राहते, हे कबूल करायला हवं: १२.७४ विरुद्ध ११.६०.

खरी गंमत दुसऱ्या वर्षी. बोनस गेला. व्हेरिएबल दोन्हीकडे ६० टक्केच मिळालं असं धरा: पहिलीत १०.१० अधिक १.२०, म्हणजे ११.३०. दुसरीत ११ अधिक ०.३६, म्हणजे ११.३६. दीड लाखांचा फरक कुठे गेला? तो मुळात पगारात नव्हताच.

म्हणून एचआरला एकच प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत माझ्या पातळीवर व्हेरिएबल सरासरी किती टक्के दिलं? उत्तर गोलमोल आलं तर गणित ६० टक्क्यांनी करा.

५. पीएफ एका लेटरमध्ये महिन्याला १,८०० आहे, दुसऱ्यात पाच हजार. कमी कापतात ते बरं ना?

हातात जास्त येतात, म्हणून बरं वाटतं. १,८०० म्हणजे १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के. दुसरीकडे पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के धरलेत. दोन्ही कायदेशीर आहे. तुलना करताना दोन्ही वाटे मिळून करा, कारण पैसे तुमचेच आहेत, फक्त उशिरा मिळणार. ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं. मूळ पगाराच्या ४.८१ टक्के म्हणून ती पॅकेजमध्ये दाखवतात, पण नेहमीच्या कायम नोकरीत ती पाच वर्षांनी हाती येते. या धंद्यात पाच वर्षं एका जागी किती जण थांबतात ते तुम्हीच बघा. मी तो आकडा सरळ खोडतो.

६. टीम कशी आहे हे बाहेरून कसं कळणार? मुलाखतीत विचारलं तर राग नाही येत?

येत नाही. उलट, ऑफर हातात आल्यावर न विचारणाराच कच्चा वाटतो. ऑफर आल्यानंतर ज्या मॅनेजरच्या हाताखाली जाणार त्याच्याशी वीस मिनिटं बोलायची वेळ मागा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच. बोलायला मिळालं तर:

टीमची शेवटची तीन कामं कोणती आणि प्रत्येक किती महिन्यांचं होतं? माझ्या पातळीवरच्या माणसाने त्यात नेमकं काय केलं? एक्सेल, मुलाखती, पीपीटी, टेस्टिंग? आठवड्यातले किती दिवस क्लायंटकडे? गेल्या वर्षी टीममधून कोण कोण गेलं आणि कुठे गेलं?

शेवटचा प्रश्न सोन्याचा. गेलेली माणसं चांगल्या कंपन्यांत मोठ्या जागांवर गेली असतील तर टीम चांगली आहे, लोक सोडून जातात म्हणून वाईट ठरत नाही. सगळे तशाच दुसऱ्या टीममध्ये, तशाच पदावर गेले असतील तर समजा की ते पळाले. मॅनेजरने सांगितलेलं ताडून बघायचं तर सोडून गेलेल्यांपैकी एकाला लिंक्डइनवर नम्रपणे लिहा. आपल्या युनिव्हर्सिटीचा कुणी ना कुणी निघतोच, आणि बडोद्याचा माणूस बडोद्याच्या पोराला उत्तर देतो. त्यासाठी बडोद्याचा लीलो चिवडा पाठवायची पाळी येत नाही.

७. 'बेंच' म्हणजे काय? घरी सांगितलं तर आई घाबरली.

एक काम संपलं आणि दुसरं मिळालं नाही तो मधला काळ. पगार चालू असतो. दोन-तीन आठवडे बेंचवर असणं नेहमीचं आहे. दोन-तीन महिने लागले तर मात्र मूल्यमापनात लागतं, कारण वर्षातले किती तास क्लायंटला बिल झाले यावर बरंच ठरतं. म्हणूनच प्रश्न ६ मधला 'किती महिन्यांचं काम' हा भाग विचारायचा. सहा-सहा आठवड्यांची कामं करणाऱ्या टीममध्ये शिकायला जास्त आणि बेंचची धाकधूकही जास्त.

८. दोन्हीकडे 'कन्सल्टंट' हेच पद आहे. म्हणजे सारखंच ना?

नाही. एका कंपनीतला कन्सल्टंट दुसरीतल्या ॲनालिस्टच्या बरोबरीचा असू शकतो. पदाचं नाव सोडा आणि विचारा: मॅनेजर व्हायला इथून किती पायऱ्या आहेत? शिवाय वर्ष कधी संपतं तेही बघा. जगभरातल्या हिशेबाने डेलॉइटचं वर्ष मेअखेर संपतं, ईवाय आणि पीडब्ल्यूसीचं जूनअखेर, अ‍ॅक्सेंचरचं ऑगस्टअखेर. भारतातल्या संस्थेचं चक्र वेगळं असू शकतं. कट-ऑफनंतर, म्हणजे त्या वर्षीच्या वाढीसाठी धरायच्या शेवटच्या तारखेनंतर, दहा दिवसांनी जॉइन झालात तर पहिली वाढ पुढच्या वर्षावर जाते. जॉइनिंगची तारीख मागायच्या आधी कट-ऑफ विचारा.

९. गांधीनगरला सरकारी प्रोजेक्टवर ठेवणार म्हणतात. घराजवळ आहे, घेऊ का?

याला पीएमयू म्हणतात. सरकारी खातं मोठ्या कंपनीला नेमतं आणि तिची माणसं सचिवालयात जाऊन बसतात. बडोद्याच्या मुलांना हे फार येतं, कारण अहमदाबादपर्यंतचा एक्स्प्रेस-वे ९३ किलोमीटरचा आणि शनिवारी-रविवारी घरचं जेवण.

पहिलं वर्ष उत्तम जातं. योजना कशी बनते, फाइल कुठे अडते, सचिवांपुढे पाच स्लाइडमध्ये काय ठेवायचं, हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. तिसऱ्या वर्षी मात्र तुम्ही बैठकीची टिपणं, विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं आणि साहेबांचं भाषण एवढंच करत असाल, ही भीती असते. कंपनीलाही तुम्हाला तिथून हलवायची घाई नसते, कारण बिल नियमित निघतं. घ्या, पण १८ महिन्यांनी दुसऱ्या कामावर जाता येईल का, हे जॉइन होण्याआधी ईमेलवर विचारून घ्या. तोंडी 'हो, हो' चालणार नाही.

१०. बडोद्यात राहूनच असं काम नाही का होणार?

थोडं होतं. केपीएमजीच्या भारतातल्या कार्यालयांच्या यादीत बडोदा आहे. पण इथल्या जागा मोजक्या आणि त्यात टॅक्स-ऑडिटचं काम जास्त. अहमदाबाद आणि गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीला संधी बऱ्याच आहेत, आणि रोजचं अपडाउन करणारे मला माहीत आहेत. पहिल्या दोन वर्षांत अपडाउन करू नका. या कामात शिकणं होतं ते संध्याकाळी साडेसातला, मॅनेजर जरा मोकळा झाल्यावर, आणि तेव्हा तुम्ही गाडी पकडायला पळत असता.

मुंबई वंदे भारतने साडेचार तासांच्या आसपास. महिन्यातून दोनदा घरी येता येतं. गुरुग्राम किंवा बेंगळुरूची ऑफर असेल तर भाड्याबरोबर डिपॉझिटही मोजा. बेंगळुरूत ते कित्येक महिन्यांचं मागतात आणि पहिला पगार यायच्या आधी भरावं लागतं.

११. मी केमिकल इंजिनीअर. एसएपीच्या (कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) टीमची ऑफर आहे आणि दुसरी ऑपरेशन्स सल्ल्याची. एसएपी घेतलं तर शिक्का बसेल का?

बसेल. शिक्का वाईटच असतो असं नाही. एसएपीच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य आधार २०२७ अखेर संपतोय, त्यामुळे कंपन्या नव्या एस/४ हानाकडे वळताहेत आणि माणसं लागताहेत. फक्त मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा भाग, कोणता ते विचारा. दहेज-नंदेसरीच्या पट्ट्यात जो प्लांट पाहिलाय तो उत्पादन नियोजनाच्या मॉड्यूलमध्ये कामाला येईल. नुसत्या टेस्टिंगला घालणार असतील तर सोडा. ऑपरेशन्सच्या ऑफरमध्ये प्लांटवर महिनोन्महिने राहावं लागेल, बूट-हेल्मेट घालून. ते आवडत असेल तर मी तीच घेईन.

१२. सीए झाले. स्टॅच्युटरी ऑडिट (कायद्याने सक्तीचं) घेऊ की ॲडव्हायझरी (सल्ल्याचं काम)?

ऑडिटमधून ॲडव्हायझरीत जाता येतं, उलटा प्रवास क्वचित होतो. म्हणून मनात शंका असेल तर ऑडिटची दोन वर्षं. शंका नसेल तर नका घेऊ. एप्रिल-मेमध्ये घरच्यांना तोंड दिसत नाही.

१३. बाबांचा डिमॅट आहे, माझाही. कंपनी म्हणते शेअर्स जाहीर करा. हे काय नवीन?

नवीन नाही, पण आपल्याकडे घराघरात शेअर्स, म्हणून हा प्रश्न इथून सारखा येतो. ज्या कंपनीचं ऑडिट करायचं तिच्यात ऑडिटरचं हित असू नये. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४१ ऑडिटर आणि भागीदारांना असे शेअर्स ठेवायला मनाई करतं. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात. ते कर्मचाऱ्याला, त्याच्या जोडीदाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी ॲडव्हायझरीतल्या माणसालाही.

निवृत्त वडील तुमच्यावर अवलंबून आहेत का, हा कळीचा मुद्दा. पेन्शन किंवा स्वतःचं उत्पन्न असेल तर बहुधा नाहीत, पण व्याख्या कंपनीच्या धोरणात वाचा. स्वतःच्या डिमॅटमधले काही शेअर्स विकावे लागू शकतात, अगदी आजोबांनी दिलेलेही. लपवू नका. पॅनवरून सापडतं आणि नोकरी जाते. हे सगळं जॉइन होण्याआधी विचारा, म्हणजे विकायची वेळ तुमच्या हातात राहते.

१४. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. नवीन कंपनीला ३० दिवसांत हवाय. काय करू?

नव्या कंपनीकडे बाय-आउट, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरून देणं, मागा आणि तो ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. पूर्वी कापलेल्या नोटीस-पगारावर जीएसटीही मागायचे. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने तो लागत नाही असं स्पष्ट केलं आहे, कुणी लावला तर दाखवा. जुन्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर न घेता निघू नका. पीएफच्या सेवा-नोंदीत दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर पडताळणीत अडकतं.

१५. बाँड भरून घेतात. कायद्याने चालतो का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ ने बहुतेक वेळा टिकत नाही. पण ठरावीक काळ थांबायचं, नाहीतर ठरावीक रक्कम भरायची ही अट टिकू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नाहीतर २ लाख अशी अट मान्य केली. तेव्हा 'बाँडला काही अर्थ नसतो' असं कट्ट्यावर ऐकून सही करू नका. रक्कम किती आणि दर महिन्याला कमी होते का, ते बघा.

१६. दोन्ही ऑफर स्वीकारून ठेवल्या आणि शेवटी एक सोडली तर?

कॅम्पसमधून मिळाली असेल तर आधी प्लेसमेंट सेलचा नियम वाचा. तुमच्यामुळे पुढच्या बॅचकडे कंपनी फिरकली नाही असं होऊ शकतं. कॅम्पसबाहेरची असेल तर मी नीतीचे धडे देत नाही. कंपन्याही जॉइनिंगच्या तारखा महिनोन्महिने पुढे ढकलतात, २०२२-२३ मध्ये पुष्कळांनी ते भोगलं. फक्त नाही म्हणायचं ते जॉइनिंगच्या दोन-तीन आठवडे आधी, फोन करून. पहिल्या दिवशी गैरहजर राहणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, आणि हे जग छोटं आहे.

१७. जॉइनिंग बोनस मिळाला. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करावा लागतो का? आणि त्यावर कापलेला कर?

लेटरमध्ये १२ किंवा २४ महिन्यांची अट असते, आणि परत करावाच लागतो. तीन शब्द शोधा: पूर्ण, प्रमाणात (उरलेल्या महिन्यांपुरता), की करकपातीनंतरचा. 'पूर्ण' असेल तर हातात आले ७० हजार आणि परत द्यायचे १ लाख, असं होतं. ऑफर घेतानाच 'प्रमाणात' करून मागा. एचआर हा बदल पगारवाढीपेक्षा सहज देतं. नवी कंपनी तो भरून देणार असेल तर ती रक्कमही तुमच्या पगारातच धरली जाते आणि तिच्यावरही कर लागतो.

त्याच आर्थिक वर्षात परत केलात तर कंपनी ती रक्कम पगारातून वजा दाखवू शकते आणि फॉर्म १६ मध्ये हिशेब जुळतो. ३१ मार्च ओलांडला की गेल्या वर्षीचा भरलेला कर सोडवून घेणं किचकट होऊन बसतं. मी एकदा हाच घोळ घातला होता. शेवटचा दिवस २८ मार्च ठरला होता. मॅनेजर म्हणाला, क्लायंटची बैठक आहे, आठवडाभर थांब. मी ४ एप्रिलपर्यंत थांबलो. बैठक रद्द झाली, बोनस पूर्ण परत गेला, आणि त्यावरचा कर अजून सरकारकडेच आहे.